संगणकांतील छुपा हेर



आमच्या वारूळवाडीच्या शिवारांत बिबट्या उसाच्या फडांत दडतो. तो दृष्टीस क्वचितच पडतो. परंतु बांधावरील ओल्या मातींत उमटलेल्या पावलांवरून जाणता शेतकरी त्यास ओळखतो. संगणकांत दडणाऱ्या स्पायवेअर नामक हेराचेंही तसेंच आहे.

हा हेर म्हणजे मालकाच्या नकळत चालणारा प्रोग्राम होय. आपण काय लिहितों, कोणता पासवर्ड वापरतों, हें तो दूर बसलेल्या धन्यास कळवितो. कांहीं हेर तर केवळ माहिती नेत नाहींत, बाहेरून आणूनही ठेवितात.

याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतील एका खटल्यांत पुढें आलें. कोरेगांव भीमा प्रकरणीं पुणें पोलिसांनीं ६ जून २०१८ रोजीं रोना विल्सन यांस दिल्लींत अटक केली. त्यांच्या संगणकाच्या हार्ड डिस्कची प्रत बचावपक्षाच्या वतीनें अमेरिकेंतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेनें तपासली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें, १३ जून २०१६ रोजीं ओळखीच्या व्यक्तीच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमार्फत मिळालेली फाईल उघडतांच 'नेटवायर' नांवाचा प्रोग्राम आंत शिरला, सुमारें २२ महिने राहिला, आणि त्याच्या द्वारें दहा पत्रें एका लपविलेल्या फोल्डरमध्यें ठेवण्यांत आलीं. तपासयंत्रणेनें हा निष्कर्ष मान्य केला नाहीं. निवाडा करणें हें न्यायालयाचें काम. आम्हांस येथें एवढेंच सांगावयाचें आहे कीं, हार्ड डिस्क पुसली गेली असती तर ही तपासणीच होऊं शकली नसती.

आतां पाऊलखुणा पाहूं. संगणक विनाकारण मंदावणें, काम नसतां इंटरनेटचा वापर वाढणें, कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागणें, ब्राउझरमध्यें अनोळखी एक्स्टेंशन दिसणें, या त्या खुणा होत. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून, संगणकासोबत कोणते प्रोग्राम आपोआप सुरू होतात तेंही पाहावें. मात्र खूण दिसली नाहीं म्हणून हेर नाहींच, असें मानूं नये.

संशय येतांच प्रथम इंटरनेट तोडावें. प्रकरण तक्रारीचें किंवा वादाचें असेल तर कांहींही न पुसतां संगणक जाणत्या तपासनिसाच्या स्वाधीन करावा. तसें नसेल तर अँटिव्हायरसनें पूर्ण तपासणी करावी. विंडोजच्या डिफेंडरमध्यें ऑफलाईन तपासणीची सोय आहे. ती विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच चालत असल्यानें हेरास लपणें कठीण जातें. तरीही शंका उरल्यास केवळ आपले लेख व छायाचित्रें बाजूस काढून विंडोज नव्यानें घालावें. पासवर्ड दुसऱ्या निर्धोक यंत्रावरून बदलावेत. त्याच संगणकावर बदलल्यास नवेही हेराच्या हातीं जातील.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे दारच न उघडणें. ओळखीच्या नांवानें आलेली फाईलही अनपेक्षित असेल, तर पाठविणाऱ्यास फोन करून विचारावें. फुकट मिळणारे चोरीचे प्रोग्राम घेऊं नयेत.

आणि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कोणाच्या संगणकांत कांहीं आक्षेपार्ह सांपडलें, तर त्यास दोष देण्यापूर्वी तें तेथें कोणीं ठेविलें, हा प्रश्न अवश्य विचारावा. यंत्र त्याचें असलें, तरी हात दुसऱ्याचा असूं शकतो.