उंबरखिंडीचा डाव

हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांत मोबाईलवरील एका खेळाची फार चर्चा असते. जुन्या जपानांतील निन्जा त्यांत दबा धरून एकेक पाऊल टाकितात. एक पक्ष खेळला, कीं दुसऱ्याची पाळी. बुद्धिबळाचीच ही शाखा म्हणावयाची. पालकांची तक्रार आम्हांस ठाऊक आहे व ती सर्वस्वी गैर नाहीं. तथापि निन्जांचें खरें काम तलवारीपेक्षां बातमी काढण्याचें होतें, हें १६७६ त रचिलेल्या ‘बान्सेनशुकाई’ ग्रंथावरून दिसतें. आणि या विद्येचा सरस धडा आमच्या खालापूर तालुक्यांतच घडलेला आहे.

१६६० त शाइस्ताखान पुण्यास येऊन बसला. पुढल्या वर्षाच्या आरंभीं त्यानें कारतलबखानास कोंकणांत धाडिलें. खान बोरघाटानें न येतां कुरवंड्याच्या घाटानें उतरला. पुढें अंबा नदीच्या खोऱ्यांतील उंबरखिंड त्यास ओलांडावयाची होती. ही त्याची चाल. आतां पाळी शिवाजी महाराजांची. पण त्यांनीं खानास घाटांत अडविलें नाहीं! ही न केलेली चाल हेंच आमच्या मतें डावाचें मर्म होय. वर अडविला असता, तर शत्रु पठारावर सुखरूप परतला असता. तळाशीं आल्यावर मात्र पुढें खिंड, मागें चढण, दोहों बाजूंस रान. अशा वाटेवर फौज कितीहि मोठी असो, लढणारीं माणसें पुढचीं चारच, आणि ओझ्याचीं जनावरें वळवावयासहि जागा नाहीं. (गिदोनाचे तीनशें लोक मुलांस आठवतीलच, तेथेंहि संख्येपेक्षां रात्र, घागरी व दिवट्याच उपयोगीं पडल्या.)

फेब्रुवारी १६६१ त फौज खिंडींत शिरतांच झाडींतून मारा सुरू झाला. खानाबरोबर माहूरची रायबागन होती. तिनें त्यास शरण जाण्याचा सल्ला दिला, असें कवींद्र परमानंदाचें ‘शिवभारत’ सांगतें. डाव संपल्याचें त्या पक्षांत तिलाच प्रथम उमगलें. या बाईच्या बुद्धीचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. खानानें वकील पाठविला, आणि महाराजांनीं अभय देऊन कोंडलेल्या फौजेस वाट मोकळी करून दिली. मुलांच्या खेळांत, तीं सांगतात, शेवटचा शत्रु पडल्यावांचून डाव जिंकला जात नाहीं. शरण आलेल्यास सोडण्याची चाल त्यांत कोणी घातलेलीच नाहीं.

कर्जतहून खोपोलीस लोकल जाते. तेथून पालीच्या रस्त्यानें शेमडीवरून चावणी गांव गांठावें. नदीकांठीं या लढाईचें स्मारक आहे. मुलांनीं तेथें नकाशा पसरून खानाच्या बाजूनें डाव मांडून पाहावा, आणि आपण कोणत्या पावलावर मागें फिरलों असतों, तें वहींत लिहून आणावें.