पिशवी गेली, तिच्याबरोबर काय काय गेले?

गुडघे दुखतात, कंबर धरते, रात्री अंगातून वाफा निघतात आणि पहाटे तीनलाच झोप उडते, अशी तक्रार घेऊन पन्नाशीची बाई आली तर डॉक्टरला नवल वाटत नाही. पाळी जाण्याचे वय आले, असे आपण समजतो. पण परवा हीच तक्रार सांगणारी बाई 34 वर्षांची होती. कापूस वेचायला जाणारी, दोन लेकरांची आई. "म्याडम, अंगातून आग निंगते अन् मंग घामानं पातळ ओलं होते. सासू म्हंते, बाहेरचं लागलं."

विचारता विचारता कळले की चार वर्षांपूर्वी तिचे पिशवीचे ऑपरेशन झाले आहे. अंगावरून पांढरे जात होते आणि ओटीपोटात दुखत होते. 'पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल' असे सांगण्यात आले. सोबत आलेल्या सासूबाईंचाही त्याला विरोध नव्हता. "कुटुंब नियोजनाचं आपरेशन झालंच होतं. आता त्या पिशवीचं का लोणचं घालाचं हाये?"

प्लास्टिकच्या थैलीत जपून ठेवलेले दवाखान्याचे कार्ड तिने पुढे केले. त्यावर इंग्रजीत 'टी.ए.एच.' आणि त्यापुढे 'बी.एस.ओ.' असे लिहिले होते. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ, पोट उघडून गर्भाशय काढले. दुसऱ्या तीन अक्षरांचा अर्थ, दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही बीजांडकोशही काढले. हे दुसरे तिला चार वर्षांत कोणी सांगितलेच नव्हते. तिच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या शेवटच्या तीन अक्षरांत होते.

पिशवी वेगळी, बीजांडकोश वेगळे

आपल्याकडे 'पिशवी' या एकाच शब्दात सगळे गुंडाळले जाते. गर्भाशय ही मुठीएवढी स्नायूंची पिशवी. मूल वाढवणे आणि मूल नसेल तेव्हा दर महिन्याला आतले अस्तर टाकून देणे, हे तिचे काम. तिच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजांडकोश असतात. ते दर महिन्याला एक स्त्रीबीज पिकवतात हे पुष्कळांना ठाऊक असते. पण ते इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक म्हणजे हार्मोन तयार करून रक्तात सोडतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनमध्ये फक्त नळ्या बंद होतात. बीजांडकोश आपले काम करीतच राहतात, म्हणून त्या ऑपरेशननंतर पाळी येते आणि बाईची तब्येतही त्यामुळे ढासळत नाही.

इस्ट्रोजेन हा खरे तर एक पदार्थ नसून कुटुंब आहे. त्यातले इस्ट्राडायोल हे सर्वांत प्रभावी, ते पाळी चालू असताना बीजांडकोशातून येते. इस्ट्रोन हे सौम्य, ते चरबीतही तयार होते आणि पाळी गेल्यावर मुख्यतः तेच उरते. तिसरे इस्ट्रिऑल, ते गरोदरपणात वारेतून भरपूर तयार होते. गंमत अशी की शरीर इस्ट्रोजेन बनवते ते पुरुषी संप्रेरकापासून. अॅरोमाटेज नावाचे एक विकर हा बदल घडवते.

याचे प्रमाण किती म्हणाल? इस्ट्राडायोल मोजायचे एकक म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एक मिलिलिटर रक्तात असे काही दहा ते काही शे भाग. 1923 साली अमेरिकेत एडगर अॅलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी बीजांडकोशातल्या द्रवाचा हा गुण दाखवून दिला. पुढे 1929 मध्ये डॉइझी यांनी आणि जर्मनीत अॅडॉल्फ बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे गरोदर स्त्रियांच्या लघवीतून इस्ट्रोन शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

एवढ्याशा द्रव्याचे काम

मुलगी वयात येते ती याच्यामुळे. छाती वाढणे, कंबर-मांड्यांचा आकार बदलणे, पाळी सुरू होणे, हे सर्वांना दिसते. न दिसणारी कामे मात्र अधिक मोलाची.

सर्वांत महत्त्वाचे काम हाडांचे. हाड एकदा बनले की दगडासारखे तसेच राहते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात हाड शेताच्या धुऱ्यासारखे असते. पाऊस तो थोडा फोडतो, शेतकरी तो थोडा बांधतो. हाडातही जुना भाग खाणाऱ्या पेशी असतात आणि नवा भाग रचणाऱ्या पेशी असतात. इस्ट्रोजेन खाणाऱ्या पेशींना आवरून धरते. ते गेले की फोडणे बांधण्यापेक्षा जास्त होते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते. दुखत काहीच नाही. बाईला कळते ते थेट मनगट मोडल्यावर, किंवा ओसरीवर पाय घसरून खुब्याचे हाड गेल्यावर.

पुरुषांनी लेख इथे सोडू नये, कारण त्यांचीही हाडे यावरच उभी आहेत. 1994 मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी एका 28 वर्षांच्या पुरुषाची हकिगत प्रसिद्ध केली. जन्मजात दोषामुळे त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनची आज्ञाच कळत नव्हती. तो 204 सेंटिमीटर उंच होता आणि अजून वाढतच होता, कारण हाडांची टोके जुळून उंची थांबते तीही इस्ट्रोजेनमुळे. शिवाय ऐन तारुण्यात त्याची हाडे पोकळ झाली होती. तोपर्यंत पुष्कळ डॉक्टरांनाही हे बायकांचे संप्रेरक वाटत असे.

हाडांखेरीज, इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या लवचिक ठेवते आणि रक्तातली चांगली चरबी वाढवून वाईट चरबी कमी ठेवते. पाळी चालू असलेल्या वयात बायकांना हृदयविकाराचा झटका पुरुषांपेक्षा कमी येतो, त्याचे हे एक कारण समजले जाते. मेंदूत शरीराचे तापमान राखणारे केंद्र आहे, तेही याच्या आधाराने चालते. आधार सुटला की थंडीच्या रात्रीसुद्धा अंगातून वाफा येतात, मग दरदरून घाम. आपल्या बाईच्या सासूला जे 'बाहेरचे' वाटले ते हेच. योनीमार्गाचे अस्तर ओले आणि जाड राहते, तिथले उपकारक जंतू टिकतात, त्यामागेही इस्ट्रोजेन असते. ते गेल्यावर कोरडेपणा येतो, नवऱ्याजवळ जाणे दुखते आणि लघवीला वारंवार जळजळ होते. ही गोष्ट बायका आईलाही सांगत नाहीत, म्हणून इथे स्पष्ट लिहिली.

चाळिशीच्या आतली पन्नाशी

आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते. ती जाताना बीजांडकोश हळूहळू थकतात, शरीराला सवय करायला काही वर्षे मिळतात. ऑपरेशनमध्ये दोन्ही बीजांडकोश काढले तर सकाळी असलेले इस्ट्रोजेन एक-दोन दिवसांत जवळपास संपते. तिशीत हे घडले म्हणजे हाडे आणि हृदय यांची पंधरा-सोळा वर्षांची राखण गेली. 45 च्या आत दोन्ही बीजांडकोश काढलेल्या आणि संप्रेरकाचे औषध न घेतलेल्या बायकांत हाडांची ठिसूळता आणि हृदयविकार अधिक आढळतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आणि बीजांडकोश राखून नुसते गर्भाशय काढले, तरी काही बायकांत बीजांडकोश अपेक्षेपेक्षा काही वर्षे आधी थकतात.

हा प्रश्न एकट्यादुकट्या बाईचा नाही, हे महाराष्ट्राला बीड जिल्ह्याने दाखवून दिले. 2019 मध्ये ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशी न ओलांडलेल्या पुष्कळ. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. पाळीत अंगावर जास्त गेले म्हणून बाई बसली तर 'खाडा' पडतो आणि मुकादम पैसे कापतो. पाळीच नको, मग पिशवीच नको, असा हिशेब तयार होतो. त्यात 'कॅन्सर होईल' हा धाक मिळाला की सही व्हायला वेळ लागत नाही.

आपला जिल्हा मुख्यतः कापसाचा. इथे मुकादमाचा खाडा नाही, पण वेचणीची मजुरी किलोवर मिळते. हंगामात घरी बसलेल्या दिवसाचे पैसे इथेही जातातच, आणि लोणच्याचा हिशेबही घरोघरी तोच.

केंद्र सरकारने 2022 मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या लागू करायला सांगितले. चाळिशीच्या आतल्या शस्त्रक्रियांवर विशेष लक्ष ठेवावे, हा त्यांचा रोख आहे.

केव्हा काढावी, केव्हा नाही

गैरसमज नको. गर्भाशय काढणे हीच योग्य शस्त्रक्रिया आहे, असे आजार आहेत. कर्करोग, फार मोठ्या आणि त्रास देणाऱ्या गाठी, अंग पूर्ण बाहेर येणे, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव. कर्करोगात किंवा घराण्यात बीजांडकोशाचा कर्करोग असेल तेव्हा बीजांडकोशही काढावे लागतात. पण नुसते पांढरे जाणे हे पिशवी काढण्याचे कारण नाही. ते बहुधा जंतुसंसर्गामुळे असते, गोळ्यांनी बरे होते, काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. सोनोग्राफीत 'सूज' किंवा बारीक गाठ दिसली म्हणजे कर्करोग नव्हे. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी काही मिनिटांची असते, तीत शंका आली तर तुकडा तपासता येतो. जास्त रक्तस्रावासाठी गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवता येते. गाठी इस्ट्रोजेनवर वाढतात, म्हणून पाळी गेल्यावर लहान गाठी आपोआप आक्रसतात. 44 वर्षांच्या बाईला थोडा धीर धरायला सांगणे हाही उपचारच आहे.

ऑपरेशनचा सल्ला मिळालाच तर घरच्या माणसाने डॉक्टरांना सरळ विचारावे की बीजांडकोश काढणार की ठेवणार, आणि काढणार तर का. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. जिवावरचा प्रसंग नसेल तर दुसऱ्या ठिकाणी दाखवायला आठवडा लागला म्हणून काही बिघडत नाही. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, तिथे कागद घेऊन जावे.

ज्यांचे आधीच झाले आहे त्यांनी

दवाखान्याचे कार्ड शोधा. 'बी.एस.ओ.' ही अक्षरे असतील आणि वय 45 च्या आत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. अशा बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन औषधरूपाने देणे योग्य समजले जाते. या औषधाविषयी भीती आहे, तिचे मूळ 2002 मधले. त्या वर्षी अमेरिकेत सोळा हजारांवर बायकांवर चाललेला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग आणि रक्ताच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. पण त्या बायकांचे सरासरी वय 63 होते. साठीतल्या बाईला जास्तीचे इस्ट्रोजेन देणे आणि चौतिशीतल्या बाईचे गेलेले इस्ट्रोजेन भरून देणे, यांत फरक आहे. स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघात, यकृताचा आजार असलेल्यांना मात्र हे औषध सहसा देत नाहीत. ज्यांचे गर्भाशय शाबूत आहे त्यांना नुसते इस्ट्रोजेन देत नाहीत, त्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणू नयेत.

हाडांसाठी तीळ, नाचणी, दूध-ताक, शेवग्याचा पाला रोजच्या जेवणात असावा. शेतात काम करणाऱ्या बाईला ऊन मिळते खरे, पण अंगात नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्या-तोंडाला रुमाल असतो. त्वचेला ऊन लागल्याशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही. जवसाच्या चटणीत इस्ट्रोजेनसारखे सौम्य द्रव्य असते, ती जरूर खावी, पण ती गेलेल्या बीजांडकोशाची जागा घेत नाही. विडी ओढणाऱ्या बायकांची पाळी वर्ष-दोन वर्षे आधी जाते, हेही सांगून ठेवते.

आपल्या त्या बाईची तपासणी झाली. छातीत गाठ नाही, रक्तदाब ठीक, पूर्वी रक्ताची गाठ झालेली नाही. तिला इस्ट्रोजेन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केले, तीन महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासणीला बोलावले. जाताना सासूबाई दारात थबकल्या. धाकट्या सुनेलाही पांढरे जाते आणि तिचीही तारीख ठरली आहे, म्हणाल्या. तिला घेऊन या म्हटले, येताना सोनोग्राफीचा कागदही आणा. सोमवारी दोघी आल्या.