आजोबांची पाकिटे आणि ब्लाइथचे पत्र

कोलकात्यात बागबाजारला माझे मामा राहतात. १७४२ मध्ये मराठ्यांच्या भीतीने खणलेला खंदक याच भागातून जात होता. ‘मराठा डिच लेन’ हे गल्लीचे नाव अजून आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे गेलो, तेव्हा आजीने एक पत्र्याचा डबा पुढे ठेवला. त्यात आजोबांनी सैन्यातून पाठवलेली पत्रे होती. “कागद फाटायला लागलेत. मोबाइलमध्ये घालून दे,” आजी म्हणाली.

एका दुपारी मी ३१ पत्रांचे फोटो काढले. पाकिटे कळकट होती, ती कचऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी वाजवत कचरेवाला आला आणि घेऊन गेला.

मग पत्रे क्रमाने लावायला बसलो. आजोबा वर ‘ता. १२’ किंवा ‘गुरुवार’ एवढेच लिहीत. पत्ता सगळीकडे एकच, ‘९९ एपीओ’. पत्त्यावरून सैनिकाचे ठिकाण कळू नये, अशीच ती व्यवस्था आहे. पूर्ण तारीख होती ती पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यात!

मामा रागावले नाहीत. रविवारी श्यामबाजारहून मेट्रोने ते मला पार्क स्ट्रीटला घेऊन गेले. तिथे १७८४ मध्ये स्थापन झालेली एशियाटिक सोसायटी आहे. एडवर्ड ब्लाइथ हा निसर्गशास्त्रज्ञ १८४१ मध्ये या सोसायटीच्या संग्रहालयाचा प्रमुख म्हणून कोलकात्याला आला. १८५५ मध्ये चार्ल्स डार्विन पाळीव प्राण्यांची माहिती जमवत होता. कबुतरे, कोंबड्या, गुरे, घोडे यांविषयी ब्लाइथने त्याला इथून लांबलचक पत्रे लिहिली.

त्यातल्या एका पत्राची तारीख आहे ८ डिसेंबर १८५५. आल्फ्रेड वॉलेसच्या नव्या जाती कशा निर्माण होतात याविषयीच्या लेखाबद्दल तुम्हाला काय वाटते, असे ब्लाइथने त्यात विचारले आहे. पुढे १८५८ मध्ये डार्विन आणि वॉलेस यांचे उत्क्रांतीवरील लेखन लंडनमध्ये एकाच दिवशी वाचले गेले. म्हणजे त्याच्या अडीच वर्षे आधीच कोलकात्याहून डार्विनला वॉलेसकडे लक्ष देण्याची सूचना मिळाली होती. पत्रावर तारीख नसती तर हे इतक्या खात्रीने सांगता आले नसते.

डार्विनच्या पत्रव्यवहाराचे काम १९७४ मध्ये सुरू झाले. सुमारे १५ हजार पत्रे शोधून, वाचून, ३० खंडांत छापली गेली. शेवटचा खंड २०२३ मध्ये आला. ती इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येतात. डार्विन आलेल्या पत्रांतला उपयोगी भाग कापून विषयवार ठेवत असे. असे तुकडेसुद्धा अभ्यासकांना जुळवावे लागले. जिथे तारीख नाही, तिथे कागद, शिक्का, पत्ता आणि मजकुरातल्या घटना पाहून ती ठरवतात. अंदाजाने ठरवलेली तारीख चौकटी कंसात छापतात, म्हणजे मूळ काय आणि अंदाज काय हे वाचणाऱ्याला लगेच कळते.

यावरून मी माझ्यासाठी नियम केले :

१. डबा उघडताच पत्रे ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाचा फोटो काढावा.
२. पत्र, त्याची मागची बाजू आणि पाकीट यांना एकच क्रमांक द्यावा.
३. नक्कल करताना शुद्धलेखन सुधारू नये. न लागलेला शब्द तसा नोंदवावा.
४. अंदाज कंसात लिहावा आणि तो कशावरून केला तेही लिहावे.
५. फोटो निघाला तरी मूळ कागद टाकू नये.

परतण्याच्या आदल्या रात्री मी आजीला एकेक पत्र वाचून दाखवले. एकात होते, ‘बाळाचे बारसे झाले का? मला रजा नाही. मागची भिंत पडल्याचे कळले.’ बाळ म्हणजे मामा की माझी आई, हे मला कळत नव्हते. आजी म्हणाली, “भिंत पडली ते एकोणऐंशी साल. हे तुझ्या आईचं बारसं.” मी वहीत लिहिले : [१९७९], भिंतीवरून, आजीने सांगितले.

अशी नऊ पत्रे लागली. उरलेल्या बावीस पत्रांपुढे ‘तारीख नाही’ असे लिहिले आहे. त्यांतल्या काहींची आठवण आजीलाही नाही. ती पाकिटे आता परत येणार नाहीत. तुमच्या घरी असा डबा असेल, तर आधी पाकिटे सांभाळा आणि घरातल्या मोठ्या माणसांजवळ बसून पत्रे वाचा.