परत फिरता येतील असे निर्णय

कार्तिक पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपुढे रांग लागते. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात. त्याच सुमारास याच जिल्ह्यातल्या गावागावांतून बिऱ्हाडं ट्रॅक्टरवर चढवून ऊसतोड कामगार कारखान्यांकडे निघालेले असतात. रांगेतला एखादा बाप मुलीसाठी नीटचे गुण मागतो. ट्रॅक्टरवरचा बाप पोराला फडावर न्यायचं की शाळेसाठी आजीपाशी ठेवायचं, या विचारात असतो. आयुष्य नशिबानं ठरतं की निवडीनं, हा प्रश्न दोघांनाही सतावतो. मात्र निवडायला दोघांपुढे सारखंच ताट वाढलेलं नसतं, हे करिअरचा सल्ला देणाऱ्यांनी आधी कबूल करावं. दोन एकर कोरडवाहूवाल्याला ‘मुलाला आवडेल ते करू द्या’ एवढंच सांगणं ही थट्टाच.

तरीही निवड उरते. कशी, ते धावपटू अविनाश साबळेकडे पाहून कळतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा. आई-वडील मजुरी करायचे, शाळा काही किलोमीटरवर, जायचं चालत नाहीतर धावत. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. त्या वयात ऑलिम्पिकचं स्वप्न वगैरे काही नव्हतं, घराला पगार हवा होता. सियाचीन झालं, राजस्थानचं वाळवंट झालं, सिक्कीम झालं. 2015 मध्ये तो सैन्याच्या क्रॉस कंट्री शर्यतींत उतरला आणि पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली स्टीपलचेसकडे वळला. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्यानं गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं, पुढे एक केनियन आणि मागे एक केनियन. 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी.

पालक ही गोष्ट ‘जिद्द असली की सगळं होतं’ म्हणून मुलांना ऐकवतात. मला ती वेगळी दिसते. पहिला निर्णय परिस्थितीनं घ्यायला लावला होता, त्याचा स्वतःचा निर्णय पुढे आला, नोकरीत स्थिरावल्यावर. आणि तो घेता आला, कारण पहिल्या निर्णयानं पुढचे रस्ते बंद केले नव्हते. धावणं जमलं नसतं तरी नोकरी होतीच.

म्हणून दहावीच्या निकालानंतर घरात जी रात्रभर खलबतं चालतात, त्यांत ‘कुठली शाखा चांगली’ याऐवजी ‘यातून परत फिरता येईल का’ हे विचारा. विज्ञानातून कला शाखेकडे वळणं सोपं. कलेतून इंजिनिअरिंगकडे वळायचं तर विज्ञानाचे विषय पुन्हा करावे लागतात. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. शेजारचे ‘नुसता आयटीआय’ म्हणून नाकं मुरडतात, त्यांना मुरडू द्या. पाच वर्षांच्या लॉला किंवा सीएला कुठलीही शाखा चालते, एमपीएससीला कुठलीही पदवी. शिक्षण तुटलंच तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

शाखेची निवड, खरं सांगायचं तर, फारशी भयंकर गोष्ट नाही. भयंकर असतात ते दुसरे निर्णय, ज्यांवर घरात तासभरही बोलणं होत नाही. जमीन विकून भरलेली खासगी कॉलेजची फी. वर्ष कसं गेलं याचा हिशेब न करता तिसऱ्यांदा, चौथ्यांदा नीट. आणि मुलीचं लग्न. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मग सोळाव्या वर्षी मुलीचं लग्न उरकण्याला घरात ‘सोय’ म्हणतात. कायद्यानं तो गुन्हा आहे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की त्या मुलीचे पुढचे सगळे निर्णय त्या एका दिवसात दुसऱ्या कुणीतरी घेऊन टाकलेले असतात. मुलाचा चुकलेला प्रवेश पुढच्या वर्षी दुरुस्त होतो, हे होत नाही.

फडावर जाणाऱ्यांनी म्हणूनच निघण्याआधी शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करावी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिच्यासाठी समाजकल्याण कार्यालयात अर्ज करावा. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गात असेल, तर 2024-25 पासून राज्यात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं तिचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘पोरीच्या शिक्षणाला पैसे नाहीत’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना आणि त्याहून आधी स्वतःला, हे सांगून ठेवा.