संगणकाच्या दाराशी

तुम्ही अक्रोड फोडून पाहिला असेल. बाहेर टणक कवच आणि आत गर. युनिक्स या संगणकप्रणालीची रचना अशीच समजतात. तिच्या गाभ्याला 'कर्नल' व बाहेरच्या कवचाला 'शेल' म्हणतात. तुम्ही टाइप केलेला हुकूम शेल वाचतो, त्याचा अर्थ लावतो आणि गाभ्याकडून काम करवून घेतो.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. पुढे अनेकांनी निरनिराळे शेल तयार केले. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये आला, तर ब्रायन फॉक्स यांचा 'बॅश' १९८९ मध्ये आला. मग ज्याला जो शेल आवडेल, तो त्याने का घेऊ नये?

युनिक्सच्या एका संगणकावर अनेकांची खाती असू शकतात. खातेदाराने आपले नाव व परवलीचा शब्द दिला, की त्याच्या नावापुढे नोंदलेला शेल सुरू होतो. ही नोंद बदलता येते. पण संगणकात मान्य शेलची एक यादी असते. साध्या खातेदाराला त्या यादीतलाच शेल निवडावा लागतो. यादी बदलण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला असतो.

असे का? पहिले कारण तुमच्याच हिताचे आहे. शेलचे नाव लिहिताना एक अक्षर चुकले, तर पुढच्या वेळी तुम्हांला आतच येता येणार नाही. यादीमुळे ही चूक वेळीच पकडली जाते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. समजा, ग्रंथालयाच्या संगणकावर वाचकांसाठी एक खाते आहे. वाचकांनी फक्त पुस्तकांची सूची पाहावी, म्हणून व्यवस्थापकाने शेलच्या जागी तेवढाच प्रोग्रॅम नेमला आहे. एखाद्याने त्याऐवजी पूर्ण शेल निवडला, तर सारा बंदोबस्त फुकट जाईल. म्हणून ज्या खात्याचा शेल मान्य यादीत नाही, त्या खात्याला तो बदलण्याची परवानगीच मिळत नाही.

मग साध्या खातेदाराचे स्वातंत्र्य गेले का? नाही. आत आल्यावर तो दुसऱ्या शेलचे नाव टाइप करून तोही चालवू शकतो. पहारा आहे तो दाराशी. त्या दारातून अनेकजण ये-जा करतात आणि प्रत्येकाचे काम आत ठेवलेले असते. एकाची मर्जी सर्वांच्या सुरक्षिततेपेक्षा मोठी कशी असेल?

स्वाध्याय
१. शेलचे काम कोणते?
२. मान्य शेलच्या यादीचे दोन फायदे लिहा.
३. तुमच्या शाळेतील एखादा नियम सर्वांच्या हिताचा कसा आहे, ते पाच वाक्यांत लिहा.