करवतीची पट्टी

सुताराच्या कारखान्यात मेजाच्या फटीतून वर आलेली विजेची गोल करवत तुम्ही पाहिली असेल. शेजारच्या लोखंडी पट्टीला टेकवून फळी पुढे सरकविली, की ती सरळ चिरली जाते. मात्र पट्टीचे मागचे टोक पात्याकडे कलले असेल, तर फळी मध्येच आवळली जाते आणि वर उसळणारे मागचे दाते तिला कारागिराच्या अंगावर फेकतात! म्हणून जाणता सुतार आधी वीज तोडतो. मग एका दात्यावर खडूने खूण करून त्याचे पट्टीपासूनचे अंतर पुढच्या बाजूस मोजतो. पाते हाताने फिरवून तोच दाता मागे नेतो व पुन्हा मोजतो. तोच का? पुष्कळ पात्यांचे दाते आळीपाळीने डावीउजवीकडे वाकविलेले असतात. दुसरा धरला तर माप फसते. मापे जुळली, की पट्टी घट्ट आवळतो. तिच्या दांडीवरचा भुसा तो रोज झाडतो. तेल मात्र लावीत नाही, कारण त्याला भुसा चिकटतो.