नुसती सरासरी लिहू नकोस गं

अगं, प्रबंधात 'गरोदर बायांचं सरासरी हिमोग्लोबिन इतकं' एवढंच लिहून पुढे जाऊ नकोस. तालुक्यातल्या सगळ्याजणींचं रक्त काही तू तपासणार नाहीस. नमुन्यात वेगळ्या शंभरजणी निघाल्या असत्या, तर आकडा थोडा हलला असता. तो कितपत हलू शकतो, याचा अंदाज कॉन्फिडन्स इंटरव्हल देतो.

हिशेब अवघड नाही. समज, १०० जणी, सरासरी १०.६ ग्रॅम, स्टँडर्ड डेव्हिएशन १.५. या १.५ ला १०० च्या वर्गमुळाने भागलंस की ०.१५ हा स्टँडर्ड एरर. त्याला टी-तक्त्यातल्या ९५ टक्क्यांसाठीच्या १.९८ ने गुणलं की ०.३. म्हणजे १०.३ ते १०.९. गरोदरपणात ११ च्या खाली ॲनिमिया धरतात, आणि तुझा सगळा पट्टा ११ च्या खाली आहे. मग ठामपणे बोल. पण २५ जणीच घेतल्या असत्यास, तर पट्टा साधारण १०.० ते ११.२ झाला असता आणि सरासरी ११ च्या अलीकडे की पलीकडे, तेच कळलं नसतं. पट्टा निम्मा करायचा तर बाया चौपट लागतात, हे गाइडशी आधीच बोलून घे.

९५ टक्क्यांचा अर्थही नीट धर, तोंडी परीक्षेत मुली इथेच घसरतात. ९५ टक्के बाया त्या पट्ट्यात बसतात, असं मुळीच नाही. त्या साडेसातपासून साडेतेरापर्यंत पसरलेल्या असतील. १९३७ साली संख्याशास्त्रज्ञ नेमनने मांडलं ते असं: याच रीतीने पुन्हापुन्हा नमुने काढले, तर शंभरातल्या साधारण ९५ पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल.

मला खरी काळजी आहे ती वेगळीच. हा पट्टा फक्त योगायोगाने होणारी चूक मोजतो. बीडकडे दिवाळीनंतर सर्व्हेला गेलीस, तर ऊसतोडीला गेलेल्या बाया घरी भेटणारच नाहीत. त्यांच्यात गरोदर बायाही असतात गं, फडात राबणाऱ्या. त्याच गळाल्या, तर हजारजणी तपासूनही पट्टा नुसता अरुंद होईल, बरोबर होणार नाही. मोजण्याचंही तसंच: हिमोग्लोबिन तपासायच्या साहलीच्या पद्धतीत रंग डोळ्यांनी जुळवायचा. तपासणारीची नजर कायम एकाच बाजूला झुकत असेल, तर तेही पट्ट्यात दिसत नाही.

म्हणून आशाताईंकडून गरोदर बायांची पूर्ण यादी आधी घे. गावाबाहेर गेलेल्या किती, ते मोज आणि सरासरीच्या शेजारीच लिही. गाळप संपून त्या परतल्या की पुन्हा एक फेरी मार, मी येते सोबत.